आधी वीज आणि पाणी तपासा, मग मशीन उघडा

नाशिकच्या पाथर्डी फाट्यापुढच्या वसाहतीत रो-हाऊसमध्ये राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या दोन महिन्यांत त्यांच्या घरातली चार उपकरणे एकामागून एक बिघडली. फ्रंट लोड वॉशिंग मशीन मध्येच बंद पडते आणि ओल्या हाताने तिला स्पर्श केला की मुंग्या येतात. गीझर सुरू केला की काही मिनिटांत आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. फ्रिजच्या फ्रीझरमध्ये बर्फ होतो, पण खालच्या कप्प्यातले दूध नासते. मिक्सर जळका वास येऊन थांबला. घराला थ्री फेज (विजेच्या तीन वेगळ्या तारांची) जोडणी आहे आणि वापरायला बोअरचे पाणी आहे. गीझर लावला की एका खोलीतले दिवे मंदावतात आणि दुसऱ्या खोलीतले उलट प्रखर होतात, असेही त्यांनी शेवटी जाता जाता लिहिले आहे. घरी आलेल्या मेकॅनिकने मशीनचे पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदला, गीझर नवा घ्या आणि फ्रिजमध्ये गॅस भरा, असे सांगितले. यातले काय खरे मानावे, दुरुस्ती करावी की नवीन घ्यावे आणि घरभर स्टॅबिलायझर लावला तर प्रश्न सुटेल का, हे त्यांना विचारायचे आहे.

ताई, तुम्ही जाता जाता लिहिलेले दिव्यांचे वाक्यच या पत्रात सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. सगळे दिवे एकदम मंदावत असते तर पुरवठ्याचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी आहे, एवढेच म्हटले असते. पण थ्री फेज जोडणीच्या घरात काही दिवे मंद आणि त्याच क्षणी बाकीचे प्रखर होत असतील, तर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, कुठेतरी सैल झाली आहे किंवा तुटायला आली आहे, असे मी घरात पाऊल टाकण्यापूर्वीच धरून चालतो. आपल्याकडे फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात आणि दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल घट्ट जोडलेली असेपर्यंत प्रत्येक फेजवरच्या उपकरणांना आपापले २३० व्होल्ट मिळतात. ती सैल झाली की वेगवेगळ्या फेजवरची उपकरणे जणू एकाच माळेत ओवली जातात आणि ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. ही वाटणी समान होत नाही. ज्या फेजवर गीझरसारखा मोठा भार आहे तिथला दाब खाली येतो आणि ज्या फेजवर फक्त मशीनचे पीसीबी, टीव्ही आणि दोन-चार दिवे आहेत तिथला वर चढतो. न्यूट्रल पूर्णच तुटली तर हलक्या भाराच्या बाजूला ३०० व्होल्टच्याही वर दाब जाऊ शकतो, आणि त्यानंतर कोणते उपकरण आधी जळेल, एवढाच प्रश्न उरतो.

हे तपासणे अवघड नाही, पण ते तुम्ही स्वतः करू नका. परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. त्याला डीबीमध्ये (घरात वीज वाटणाऱ्या पेटीत) तिन्ही फेजचा न्यूट्रलशी दाब मोजायला सांगा, मग गीझर सुरू करून पुन्हा मोजायला सांगा. दाब २३० च्या आसपास, म्हणजे दहा टक्के कमी-जास्त धरून साधारण २०७ ते २५३ च्या दरम्यान असावा आणि गीझर लावल्यावर त्याच्या फेजवर थोडासाच उतरावा. एक फेज १९० वर आली आणि दुसरी २६० वर गेली, तर बाकी तपासणी थांबवून आधी न्यूट्रलच्या मागे लागायचे. तोवर घरातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे प्लग काढून ठेवणे शहाणपणाचे.

सैल न्यूट्रल बहुतेक वेळा सापडते ती जोडाच्या जागी. बाहेरून येणारी सर्व्हिस वायर अॅल्युमिनियमची आणि पुढचा टर्मिनल पितळेचा असतो. ऊन-पावसाने या दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो, स्क्रू हळूहळू ढिला पडतो, सांधा तापतो, आणि तापला की आणखी ढिला होतो. मेन स्विचचे झाकण काढल्यावर त्या टर्मिनलभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी झालेले दिसते, वायरचे आवरण कडक होऊन तडकलेले असते, आणि घरात कोणी गीझर लावला की कान देऊन ऐकल्यास बारीक चरचर ऐकू येते. मे-जूनमध्ये वळवाचे वारे सुटून गेल्यावर खांबावरचा जोड सुटल्याचीही उदाहरणे असतात. मीटरपर्यंतचा भाग वीज कंपनीचा असतो आणि मीटरचे सील तोडण्याचा अधिकार तुम्हाला किंवा वायरमनला नाही. त्या बाजूचा दोष असेल तर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तक्रारीत ‘लाइट कमी-जास्त होते’ असे मोघम न सांगता ‘न्यूट्रल सैल असून व्होल्टेज चढते आहे’ असे स्पष्ट सांगा. मीटरच्या पुढचा दोष असेल तर नवा लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) दाबून, जोड साफ करून तो तासाभरात निघतो.

या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे. सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडून धंद्यात चार-पाच वर्षे झाली होती. म्हसरूळकडच्या एका घरी वॉशिंग मशीन बंद पडली म्हणून गेलो, पीसीबी जळालेले पाहिले, नवे बसवले, पैसे घेतले. नवव्या दिवशी त्याच घरून फोन आला की मशीन पुन्हा बंद. मी दुसरे पीसीबी स्वखर्चाने घेऊन गेलो आणि ते बसवत असताना त्या घरच्या आजी सहज म्हणाल्या, “देवघरातला बल्ब हल्ली महिन्याला एक जातो बघ.” तो बल्ब आणि मशीन एकाच फेजवर होते, म्हणजे दोघांनाही चढलेला दाबच जाळत होता. मी चोर सोडून संन्याशाला सुळी देत होतो. तेव्हापासून मशीनचा पहिला स्क्रू काढण्यापूर्वी मी सॉकेटमध्ये मल्टिमीटर घालतो, आणि घरातले बल्ब किती दिवस टिकतात हेही विचारतो.

आता मशीनला हात लावल्यावर येणाऱ्या मुंग्यांकडे येऊ, कारण हा दुसरा आणि वेगळा दोष आहे. आजच्या वॉशिंग मशीनच्या आत, वीज जिथून शिरते तिथे, विजेतली गडबड (इलेक्ट्रिकल नॉइज) रोखणारा एक फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोघांकडूनही मशीनच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यातून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह निमूटपणे जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मा, म्हणजे ११० व्होल्टच्या आसपास दाब येऊन बसतो, टेस्टर पेटतो आणि ओल्या हाताला मुंग्या येतात. म्हणजे मुंग्या येणाऱ्या प्रत्येक मशीनच्या आत वायर सुटलेली असतेच असे नाही. मात्र अर्थिंग नाही, हे त्यावरून जवळजवळ नक्की ठरते. आणि अर्थिंग नसलेल्या मशीनमध्ये उद्या खरोखर वायर सोलली गेली किंवा हीटर फुटला, तर त्याच पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील. तळमजल्यावर मशीनच्या खालून उंदीर शिरून वायरी कुरतडतात, हे रो-हाऊसमध्ये तर नेहमीचेच आहे. म्हणून अर्थिंग होईपर्यंत मशीन वापरू नका.

सॉकेटमध्ये मोजमाप असे करायचे: फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३०, फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त नको. फेज आणि अर्थ यांच्यात शंभराच्या आसपास काहीतरी तरंगता आकडा दिसला, तर अर्थची वायर कुठेच जोडलेली नाही. पुष्कळ घरांत सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्रामागे हिरवी वायर असते, पण ती डीबीपर्यंत पोचतच नाही. कधी पोचते, पण अंगणातला अर्थिंगचा खड्डा बांधकामानंतर फरशीखाली गाडला गेलेला असतो. आपल्याकडे जमिनीत थोडी माती आणि तिच्याखाली लगेच मुरूम किंवा काळा पाषाण लागतो. खड्डा उथळ असेल तर एप्रिल-मे महिन्यांत तो कोरडा पडून अर्थिंग नावापुरती उरते. खड्ड्याच्या नळीत उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतण्याची जुन्या वायरमन मंडळींची सवय म्हणूनच अगदी रास्त होती.

इथे एका घातक उपायाबद्दल बजावून सांगणे भाग आहे. मुंग्या थांबाव्यात म्हणून काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांना वायरच्या तुकड्याने जोडून देतात. मुंग्या तत्काळ थांबतात, गिऱ्हाईक खूश होते. पण तुमच्या घरात न्यूट्रल आधीच डळमळीत आहे. ती तुटली की त्या जोडामुळे मशीनच्या अंगावर थेट वीज येईल, आणि तीही मशीनमध्ये कसलाही दोष नसताना. तुमच्या सॉकेटमागे असा तुकडा नाही ना, हे वायरमनकडून आवर्जून पाहून घ्या.

गीझरच्या बाबतीत मेकॅनिकचे निदान अर्धे बरोबर असावे. फेजवरून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलवरून परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की घरगुती आरसीसीबी पडतो, म्हणजे तेवढी वीज वाट सोडून अर्थमध्ये किंवा पाण्यात जात असते. गीझर लावल्यावर लगेच न पडता काही मिनिटांनी पडत असेल, तर कॉइलच्या आवरणाला बारीक तडा गेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. कॉइल तापून प्रसरण पावली की तडा उघडतो आणि आतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी शिरते. खात्री करण्यासाठी प्लग काढून कॉइलची दोन्ही टोके सोडवायची आणि प्रत्येक टोक व टाकीचा पत्रा यांच्यातला रोध (रेझिस्टन्स) मोजायचा. साध्या मल्टिमीटरच्या सर्वांत वरच्या रेंजवर काहीच आकडा दिसू नये. मेगर (इन्सुलेशन तपासणारे मीटर) असेल तर उत्तमच. दोन टोकांमधला रोध मात्र दिसायला हवा: २ किलोवॉटच्या कॉइलचा सुमारे २६ ओहम, ३ किलोवॉटच्या कॉइलचा सुमारे १८ ओहम. वायरमन लोकांचीही ज्यात फसगत होते अशी एक गोष्ट इथे सांगतो. गीझरचा स्विच फक्त फेज तोडतो. कॉइल न्यूट्रलच्या टोकाजवळ फुटली असेल तर स्विच बंद असतानाही, घरात दुसरे काही चालू केले की आरसीसीबी पडू शकतो. त्यामुळे ‘स्विच बंद करून पाहिला, गीझरचा दोष नाही’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. प्लग उपटून किंवा दोन पोलचा एमसीबी (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच) पाडूनच पाहायला हवे.

पण कॉइल फुटली म्हणजे गीझर संपला, असे होत नाही. कॉइल, थर्मोस्टॅट आणि रबरी गास्केट हे तिन्ही भाग सुटे मिळतात. महात्मा गांधी रोडच्या आसपासच्या दुकानांत जुनी कॉइल नमुना म्हणून नेली तर तिच्याशी जुळणारी काढून देतात. प्रश्न टाकीचा आहे. टाकीच्या वेल्डिंगमधून पाणी झिरपत असेल, बाहेरच्या झाकणाखालचे पफ (उष्णता रोखणारा फोम) ओले असेल किंवा गरम पाण्याला तांबूस रंग येत असेल, तरच नवा गीझर घ्यावा. टाकी ठणठणीत असेल तर कॉइल बदलून गीझर आणखी काही वर्षे चालतो.

कॉइल का फुटली याचे उत्तर तुमच्या बोअरमध्ये आहे. नाशिकच्या काळ्या बेसाल्ट खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की ते बाहेर पडून कॉइलवर बसतात. गंगापूर धरणातून येणाऱ्या पालिकेच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरांत हा त्रास त्या मानाने कमी दिसतो. बोअरच्या पाण्यावर चार-पाच हिवाळे काढलेला गीझर उघडला की कॉइल ओळखू येत नाही. पोपडे धरलेल्या पांढऱ्या भिंतीच्या तुकड्यासारखी ती दिसते, आणि टाकीच्या तळातून ओंजळी-ओंजळीने चुन्याचे खडे निघतात. क्षारांचा थर बसल्याने कॉइल वीज कमी ओढते, हा गैरसमज आहे. ती तेवढीच वीज ओढते, पण उष्णता पाण्यात जायला अडथळा झाल्याने स्वतः जास्त तापते आणि शेवटी फुटते. पाणी तापायला वेळ लागत असेल तर संशय विजेच्या दाबावर घ्यावा. कॉइलची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर २ किलोवॉटच्या गीझरची ताकद जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटते. एरवी १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला २ किलोवॉटच्या गीझरला वीस-बावीस मिनिटे लागतात; जानेवारीतल्या नाशिकच्या सकाळी घड्याळ लावून हे सहज पडताळता येते.

कॉइल बदलताना टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड पाहायला विसरू नका. हा रॉड स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. बोअरच्या पाण्यावर तो दर एक-दोन वर्षांनी तपासावा आणि पेन्सिलीइतका बारीक उरला असेल तर बदलावा. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवला तर क्षार बसण्याचा वेग कमी होतो. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतात म्हणून त्याचे तोंड बुच मारून बंद करण्याचा प्रकारही मी पाहिला आहे. तसे कदापि करू नये, कारण थर्मोस्टॅट अडकला तर टाकीतल्या वाढलेल्या दाबाला तीच एक वाट असते.

फ्रिजचा दोष मात्र या सगळ्याशी संबंधित नाही, असे माझे मत आहे. तो योगायोगाने त्याच काळात उद्भवला असावा. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंडी फ्रीझरच्या मागच्या पडद्याआडील कॉइलवर तयार होते आणि पंखा ती खालच्या कप्प्यात ढकलतो. त्या कॉइलवर साठणारे हिम ठरावीक वेळाने वितळवण्यासाठी एक छोटा हीटर असतो. तो हीटर, त्याचा सेन्सर किंवा त्याला जोडलेला फ्यूज गेला की हिम साठत जाते, हवेची वाट बुजते, फ्रीझर गारच राहतो आणि खालचा कप्पा गरम होतो. तुम्ही वर्णन केलेले लक्षण अगदी हेच आहे. गॅस गेलेल्या फ्रिजमध्ये फ्रीझरही धड गार होत नाही.

यासाठी एक बिनखर्चाची चाचणी आहे. फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारे उघडी ठेवून खाली जुनी चादर अंथरा आणि चोवीस तास तसाच राहू द्या. मग सुरू करा. पाच-सहा दिवस खालचा कप्पा उत्तम गार राहिला आणि नंतर पुन्हा तीच तक्रार आली, तर दोष हिम वितळवणाऱ्या भागांतच आहे आणि दुरुस्ती लहान आहे. घाई करून सुरीने किंवा उलथन्याने बर्फ खरवडू नका. कॉइल अॅल्युमिनियमची असते, एक टोच लागली की छिद्र पडते आणि मग गॅस खरोखरच जातो.

‘गॅस संपला’ या वाक्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ते फार वेळा ऐकू येते. फ्रिजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस काही दिवसांत पुन्हा जाणार. म्हणून मेकॅनिकला विचारा की गळती कुठे आहे, फिल्टर ड्रायर (नळ्यांतला ओलावा शोषणारा भाग) बदलणार का, आणि गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंप लावणार का. या तीन प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले नाही तर गॅस भरू नका. तुमच्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवरील पट्टीवर आर६००ए असे लिहिले असेल तर तो गॅस ज्वलनशील आहे. त्याच्या नळ्यांना टॉर्च लावण्याचे काम स्वयंपाकघरात गॅसची शेगडी पेटलेली असताना चालू द्यायचे नाही.

आता मशीनचे पीसीबी. दाब चढल्याने ते गेले असेल, तर बहुधा पूर्ण बोर्ड गेलेला नसतो. वीज शिरते तिथे काचेचा फ्यूज आणि त्याच्या शेजारी बटणाएवढी एक चकती असते, तिला व्हॅरिस्टर म्हणतात. दाब फार चढला की ती चकती स्वतः जळून फ्यूज उडवते आणि पुढचा भाग वाचवते. बोर्ड काढल्यावर ती चकती काळी पडून चिरलेली दिसली, तर चोर कोण याचा पुरावाच हातात येतो. हे दोन भाग बदलून बोर्ड पुन्हा चालू होण्याची शक्यता चांगली असते. बोर्ड दुरुस्त करणाऱ्या माणसाला तो दाखवल्याशिवाय नवा घेऊ नका. मात्र न्यूट्रल दुरुस्त होईपर्यंत दुरुस्त केलेला किंवा नवा, कोणताही बोर्ड बसवू नका.

अर्थात मशीन मध्येच थांबते, याची कारणे याहून साधीही असू शकतात. समोर खाली उजवीकडे किंवा डावीकडे एक छोटे दार असते, त्यामागे पंपाचा फिल्टर असतो. खाली ताट आणि फडके ठेवून तो हळूहळू फिरवून काढा. गेल्याच आठवड्यात इंदिरानगरच्या एका मशीनच्या फिल्टरमधून मी दोन रुपयांचे नाणे, शाळेच्या गणवेशाचे बटण, केसांची पिन आणि लगदा झालेली बसची तिकिटे काढली. त्या मशीनलाही आधी कोणीतरी पीसीबी सांगितलेले होते. पाणी आत घेणाऱ्या पाइपाच्या मागच्या टोकाला बारीक जाळी असते. पावसाळ्यात गढूळ पाण्याने आणि बोअरच्या बारीक रेतीने ती बुजते, मशीन पाण्याची वाट पाहत बसते आणि ठरलेल्या वेळेनंतर चूक दाखवून थांबते. तुमची टाकी एकमजली घराच्या गच्चीवर असेल तर पाण्याचा दाबही मोजून पाहावा. दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब मिळतो, म्हणजे टाकीचा तळ नळापासून तीन मीटरच वर असेल तर जेमतेम ०.३ बार मिळतात, आणि कित्येक मशीनना याहून कमी दाब चालत नाही. मशीनच्या आतल्या हीटरवरही बोअरचे क्षार बसतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा शंभरेक ग्रॅम लिंबूसत रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० अंशांवर मशीन चालवावी. संडास धुण्याचे अॅसिड कधीही नको.

मिक्सरबद्दल फार लिहीत नाही. तळाशी लाल बटण असते, ते दाबून पाहा. ओव्हरलोड होऊन पडले असेल तर दहा मिनिटे गार होऊ दिल्यावर ते दाबताच मिक्सर सुरू होतो. त्यानंतर भांडे न लावता चालवा. रिकामा गुळगुळीत चालला आणि भांडे लावल्यावर अडकला, तर दोष भांड्याच्या बुशमध्ये (पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या भागात) आहे, मोटर चांगली आहे. काळा मसाला वाटताना भाजलेले खोबरे आणि कांदा गरमच टाकून सलग दहा मिनिटे फिरवणे, हे आपल्याकडच्या मोटरी जळण्याचे माझ्या अनुभवातले पहिले कारण आहे. घरगुती मिक्सर पाच मिनिटे चालवून दोन मिनिटे थांबण्याच्या हिशेबाने बनवलेला असतो. आत कार्बनजवळ गोल रिंगण धरून ठिणग्या उडत असतील आणि धूर निघाला असेल, तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) गेले. अशा वेळी जुन्या मिक्सरवर खर्च करण्यात अर्थ नसतो. तो ज्या दिवशी जळाला त्या दिवशी दिवेही प्रखर झाले होते का, हे मात्र आठवून पाहा.

मेकॅनिकशी वागण्याबाबत एवढेच सांगतो की, बदललेला प्रत्येक जुना भाग मागून घ्या आणि पावतीवर त्या भागाचे नाव लिहून घ्या. माझ्या अनुभवात प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही. वॉरंटीतल्या वस्तूची दुरुस्ती नाकारली जात असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर हे पोर्टलही सुरू केले आहे.

राहिला स्टॅबिलायझर. सैल न्यूट्रलवर तो उपाय नाही, कारण दाब ३०० च्या पुढे गेला तर तो स्वतःच जळण्याची भीती असते, आणि अर्थिंगशी तर त्याचा काहीच संबंध नाही. तुमच्या घराला त्याऐवजी डीबीमध्ये बसणारा व्होल्टेज प्रोटेक्टर घ्यावा. थ्री फेजसाठीचा प्रोटेक्टर तिन्ही फेजचा दाब न्यूट्रलच्या तुलनेत पाहतो आणि तो ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की सगळ्या घराची वीज तोडतो. दाब पूर्ववत झाल्यावरही तो काही वेळ थांबूनच वीज सोडतो, आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरला ती तीन ते पाच मिनिटांची उसंत हवीच असते. फ्रिज इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा असेल तर त्याला वेगळा स्टॅबिलायझर सहसा लागत नाही. जुना साधा कॉम्प्रेसर असेल आणि न्यूट्रल दुरुस्त केल्यावरही संध्याकाळी दाब २०० च्या खाली जात असेल, तरच फक्त फ्रिजपुरता लहान स्टॅबिलायझर घ्या. न्यूट्रल दुरुस्त झाल्यावर आठवडाभर संध्याकाळी आठच्या सुमारास तिन्ही फेजचे आकडे कागदावर टिपून ठेवा, आणि ते पाहूनच स्टॅबिलायझर घ्यायचा की नाही ते ठरवा.